गोंदण पुसावे की राखावे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

भरतीच्या अर्जात नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण यांच्या जोडीला 'शरीरावरील ओळखचिन्ह' असा एक रकाना असतो. त्यात कोणी गालावरचा तीळ लिहितो, कोणी गुडघ्यावरचा व्रण. हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या आपल्यासारख्या अनेकांना तेथे 'गोंदण' असे लिहिता येते. माणसाची ओळख पटविण्यापुरते गोंदण सरकारला चालते. परंतु तोच अर्ज पुढे वैद्यकीय तपासणीपर्यंत पोहोचला की हेच चिन्ह आड येते आणि उमेदवार धावण्यात पहिला आला असला तरी अपात्र ठरू शकतो.

आपल्या महाविद्यालयात हा प्रश्न आता कानगोष्टींचा राहिलेला नाही. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींत 'लेझर कुठे करतात', 'किती घेतात', 'डाग राहतो का' हेच बोलणे चालते. हरसूलहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाणारी एस. टी. महाराष्ट्र पोलीस अकादमीच्या दारावरून जाते. त्या दाराकडे पाहत शहरात शिरणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना अंगावरच्या वर्दीचे स्वप्न आहे. त्यांतली मीही एक. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला माझे नाव. म्हणून या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजते.

माझे म्हणणे आरंभीच सांगते. नोकरीसाठी गोंदण काढावे लागले तर ते काढण्यात लाज नाही, आणि ते राखण्यात मागासपणा नाही. मात्र काढायचे असेल तर नियम वाचून, वेळेचा व पैशाचा हिशेब मांडून काढावे. कोणी हसले म्हणून काढू नये. आणि जेथे नियमालाच आपली चालरीत ठाऊक नाही, तेथे कातडी बदलण्याआधी नियम बदलून मागावा.

प्रथम हे पाहू, की आपण एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टींना हाक मारतो. एक गोंदण आपल्या आज्यांच्या अंगावरचे. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा सर्वच जमातींतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, दंडावर ते दिसते. आठवडे बाजारात किंवा पाड्यावर गोंदणारीण येई. काजळी कालवून, तीन-चार सुया एकत्र बांधून ती टोचत जाई, आणि टोचून झाले की वर हळद लावी. माझी आजी सांगते, की त्या दिवशी रडणाऱ्या पोरीला धरून ठेवायला दोघी-तिघी लागत आणि रडू ऐकू येऊ नये म्हणून बाकीच्या गाणी म्हणत. तिच्या हातावर तुळस आहे, विंचू आहे, ठिपक्यांच्या ओळी आहेत. "मेल्यावर अंगावरचा दागिना काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं," असे ती म्हणते. ज्या बाईकडे सोने कधी नव्हतेच तिच्या तोंडी हे वाक्य किती मोठे आहे, याचा विचार मी अलीकडे करू लागले आहे.

ही चाल केवळ आदिवासींची आहे असेही नाही. देशावरच्या कुणबी-मराठा घरांतल्या, इतकेच काय ब्राह्मण घरांतल्याही जुन्या बायकांच्या कपाळावर वा हातावर एखादा ठिपका, एखादी तुळस सापडतेच. फरक एवढाच, की त्यांच्या नाती ते विसरू शकल्या आणि आमच्या हनुवटीवर ते अजून आहे.

दुसरे गोंदण जत्रेतले. बॅटरीवर चालणारे घरघरते यंत्र, फलकावर चिकटवलेले नमुने, आणि पाच मिनिटांत हातावर त्रिशूळ, 'आई', शिवाजी महाराज किंवा स्वतःचे नाव. मुले हौसेने काढून घेतात. पण सारेच हौसेचे नसते. माझ्या हातावरचे नाव मी पाच वर्षांची असताना निवृत्तिनाथांच्या यात्रेत त्र्यंबकेश्वरला वडिलांनी काढून घेतले. आमच्या घरचे सारे त्या दिवसांत द्राक्षबागांच्या कामाला जात. गर्दीत पोर हरवली तर निदान नाव तरी कळावे, एवढाच त्यामागे हेतू होता. वडिलांना स्वतःला ते नाव वाचता येत नव्हते. यंत्रवाल्याने बरोबर लिहिले की नाही हे त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घेतले. ज्यांना शाळेचा दाखला म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी लेकीला दिलेला तो पहिला दाखला होता.

आता या दोन्ही खुणांकडे भरतीचा नियम कसा पाहतो ते समजून घेऊ. आपल्याकडे नियम कोणी वाचत नाही. अकादमीवाला सांगतो, मित्र सांगतो, मित्राचा भाऊ सांगतो. मला एका खासगी भरती-प्रशिक्षण वर्गात पहिल्याच दिवशी सांगण्यात आले, "तोंडावरचं ते काढून ये, मग बोलू." हातावरच्या नावाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी पुढे छापील अधिसूचना मिळवून वाचली तेव्हा कळले, की नियमात हातावरच्या नावाचाही विचार तितकाच बारकाईने केलेला आहे.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल इत्यादी केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीच्या अधिसूचनेत गोंदणासाठी तीन कसोट्या दिलेल्या आहेत. पहिली आशयाची. आपला देश धर्मनिरपेक्ष असल्याने लोकांच्या धार्मिक भावनांचा मान राखून धार्मिक चिन्हे, आकृती आणि नाव यांना परवानगी आहे. दुसरी जागेची. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची, कारण तो सलामीचा हात नव्हे. तसेच हाताच्या पंजाची मागली बाजू चालते. तिसरी आकाराची. गोंदण त्या अवयवाच्या एक-चतुर्थांशाहून लहान हवे.

या कसोट्या माझ्या हाताला लावून पाहा. नाव चालते. आकारही चालतो. हाताची आतली बाजूही चालते. हात मात्र उजवा! यात्रेच्या गर्दीत वडिलांनी माझा डावा हात पुढे केला असता तर तेच नाव नियमात बसले असते. ज्याने जन्मात सलामी पाहिली नाही त्याला सलामीचा हात कोणता हे कसे ठाऊक असणार?

भूदलाचा नियम थोडा वेगळा आहे. तेथे दोन्ही हातांची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाची मागली बाजू येथे कायमचे गोंदण चालते. अन्यत्र चालत नाही. पण पुढे एक महत्त्वाचे वाक्य आहे. भारत सरकारने आदिवासी म्हणून घोषित केलेल्या जमातींच्या उमेदवारांना, त्यांच्या जमातीच्या प्रचलित रूढी-परंपरेनुसार असलेले गोंदण शरीराच्या कोणत्याही भागावर चालू शकते. त्याचा निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून घेतला जातो. म्हणजे ज्या हनुवटीवरच्या ठिपक्यांसाठी मला 'काढून ये' म्हटले गेले, त्या ठिपक्यांना भूदलाच्या नियमात जागा आहे. मुलींना लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून घेण्याची प्रक्रिया २०१९ साली सुरू झाली, तेव्हा ही सवलत आता आपल्या वर्गातल्या मुलींच्याही उपयोगाची आहे. केंद्रीय दलांच्या तीन कसोट्यांत मात्र आदिवासींसाठी असे ठळक वाक्य नाही. एकाच देशाच्या सीमेवर उभ्या राहणाऱ्या दोन दलांपैकी एकाला आमची चालरीत दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, ही विसंगती आहे.

या नियमांवरून लोक न्यायालयातही गेले आहेत. २०१७ साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात भरती होऊ पाहणारा सोलापूरचा एक तरुण उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे अपात्र ठरला. त्याने ते सुमारे ९० टक्के काढून टाकले होते व उरलेलेही काढण्याची खटपट चालू होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१८ च्या जानेवारीत मात्र हवाई दलाच्या एका उमेदवाराचे गोंदण परवानगी असलेल्या जागेबाहेर होते म्हणून त्याला नाकारण्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने योग्य ठरविला. पुढे २०२२ साली त्याच न्यायालयापुढे आणखी एक उमेदवार आला. त्याच्या उजव्या पंजाच्या मागे धार्मिक चिन्ह होते आणि लेझरने ते काढण्याची त्याची तयारी होती. ते काढून नव्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणीस येण्याची संधी न्यायालयाने त्याला दिली.

या तीन निकालांतून मी एवढाच बोध घेते, की काढण्याचा प्रयत्न ज्याने वेळेवर केला त्याच्या बाजूला काहीतरी बळ आले. पण सोलापूरच्या तरुणाप्रमाणे मुंबईच्या न्यायालयापर्यंत जाणे आपल्यातल्या किती जणांना परवडेल? खटल्यापेक्षा पूर्वतयारी स्वस्त पडते.

पूर्वतयारी म्हणजे काय, हे सांगण्यासाठी लेझर काय करतो ते सांगितले पाहिजे. मी नाशिकला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे चौकशीला गेले होते. त्यांनी समजावले ते असे. गोंदताना शाई वरच्या कातडीत राहत नाही, खालच्या थरात जाते. शरीर तिला परकी समजते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या पेशी ते कण गिळतात, पण कण मोठे असल्याने पचवू शकत नाहीत आणि तेथेच अडकून बसतात. म्हणून गोंदण जन्मभर टिकते. लेझरचा किरण सेकंदाच्या अब्जांशांत मोजावा इतका क्षणभर पडतो, शाईचा कण त्याची उष्णता शोषून फुटतो, आणि फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. आजूबाजूची कातडी न जाळता नेमका रंगच फोडावा ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडली. त्याआधी कातडी मिठाने घासणे, खरवडणे किंवा कापून शिवणे हेच उपाय होते, आणि गोंदण जाऊन त्या जागी व्रण येई.

काळा रंग सर्वांत सोपा, कारण तो किरण चांगला शोषतो. हिरवा आणि पिवळा चिवट. या बाबतीत आपल्या आज्यांची काजळी आणि जत्रेतली काळी शाई, दोन्ही आपल्या पथ्यावर पडतात. पण आपली सावळी कातडी पथ्यावर पडत नाही. कातडीचा स्वतःचा रंगही किरण शोषतो. त्यामुळे तेथे पांढरा चट्टा पडणे, अधिक काळा डाग पडणे, कधी गाठीसारखा व्रण उठणे हे धोके गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त. म्हणून खोलवर जाणारा १०६४ नॅनोमीटरचा किरण वापरतात आणि जोर बेताने ठेवतात. एका बैठकीत काम होत नाही. दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण फुटलेले कण वाहून जायला आणि कातडी भरून यायला तेवढा वेळ लागतो. आठ बैठका लागल्या तर सुमारे वर्षभराचा काळ जातो. आणि एवढे करूनही पुसट सावली राहणारच नाही, अशी हमी प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

आता हा हिशेब आपल्या घरच्या वर्षात बसवून पाहा. किरण पडलेल्या जागी ऊन लागू द्यायचे नाही, फोड आले तर घाण पाणी लागू द्यायचे नाही. आषाढ-श्रावणात भातलावणीच्या चिखलात कोपरापर्यंत हात बुडलेले असताना हे पथ्य कोण पाळणार? दिवाळीनंतर भात घरात आले की द्राक्षबागांचे काम सुरू होते, ते भर उन्हात. एका बैठकीचा जो दर मला सांगितला गेला तो आमच्या घरातल्या एका माणसाच्या पंधरा दिवसांच्या मजुरीइतका होता. शिवाय एस. टी.चे भाडे आणि बुडालेला दिवस. शहरातल्या मुलाला ही किरकोळ बाब वाटेल. आपल्याकडे हे एका वर्षाचे नियोजन आहे.

नियोजन न केल्याने काय होते? भरती महिन्यावर आली की मुले हातावर चुना लावतात, गरम सळई टेकवतात, बाजारातले कसलेसे मलम किंवा तेजाब लावतात. गोंदण जात नाही, हात मात्र जळतो. आणि तपासणी करणारा डॉक्टर गोंदणाबरोबर भाजल्याचा व्रणही लिहून घेतो. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की ज्याला काढायचे आहे त्याने पहिल्या वर्षाला असतानाच ठरवावे. केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत वयाची अट १८ ते २३ वर्षे आहे आणि अनुसूचित जमातींना त्यात ५ वर्षांची सवलत आहे. घाई करण्याचे कारण नाही, पण आळस करण्याचेही नाही.

येथवर झाली व्यवहाराची बाजू. परंतु प्रश्न केवळ व्यवहाराचा असता तर मी हा लेख वार्षिकांकाला दिला नसता, सूचनाफलकावर लावला असता.

गोंदलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी आली कोठून? इंग्रजांच्या राज्यात बंगाल प्रांतात १७९७ पासून काही कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. ज्या कपाळावर आमच्या बायका कुंकवाच्या जागी ठिपका गोंदवीत, त्याच कपाळावर राज्यकर्ते 'गुन्हेगार' असे लिहीत होते. शिक्षा गेली, पण पाहण्याची सवय मागे राहिली. विमानातल्या सेविकेची नोकरी असो, मोठ्या हॉटेलातली असो, 'दिसणारे गोंदण नको' ही अट आजही घातली जाते. तिचे कारण विचारले तर 'ग्राहकाला आवडत नाही' एवढेच उत्तर मिळते. सलामीच्या हाताचे कारण निदान सांगता तरी येते. ग्राहकाच्या नावडीला कारण लागत नाही.

जगात सगळीकडे असेच आहे का? न्यूझीलंडमध्ये माओरी स्त्रिया हनुवटीवर गोंदतात, त्याला त्या 'मोको काउआए' म्हणतात. नानाया माहुता या माओरी स्त्रीने २०१६ साली असे गोंदण करून घेतले आणि त्या देशाच्या संसदेत अशा गोंदणासह बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या. २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. २०२१ साली ओरिनी काइपारा यांनी हनुवटीवरच्या गोंदणासह तेथील दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या मुख्य बातम्या सांगितल्या. आणि एअर न्यूझीलंडने १ सप्टेंबर २०१९ पासून आपल्या कर्मचाऱ्यांवरची दिसणाऱ्या गोंदणाची बंदी उठविली. विमाने काही कोसळली नाहीत. हनुवटीवर गोंदण असलेली बाई परदेशी मुत्सद्द्यांशी बोलू शकते, तर हनुवटीवर तीन ठिपके असलेली मुलगी विमानतळाच्या दारावर ओळखपत्र तपासू शकणार नाही काय?

आपल्या राज्यातली एक विसंगती तर याहून मोठी आहे. अनुसूचित जमातीचा दाखला वैध ठरविताना पडताळणी समिती आपल्याला आपले देव, लग्नाच्या रीती, मरणाचे विधी, चालीरीती यांविषयी प्रश्न विचारते. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. शिकलेल्या, शहरात राहिलेल्या घरांतल्या मुलांना या रीती ठाऊक नसतात म्हणून त्यांचे दावे अडत. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे. पण चाचणी आहेच. म्हणजे एका कार्यालयात आम्ही आमच्या रीती सांगाव्यात, तरच आम्ही आदिवासी. आणि दुसऱ्या कार्यालयात त्याच रीतीची खूण अंगावर दिसली तर आम्ही अपात्र. आदिवासीपण कागदावर हवे, कातडीवर नको, असा याचा अर्थ होतो.

यावर माझे काही मित्र म्हणतात, "आधी नोकरी, मग संस्कृती. पोट भरलेल्याला अभिमान परवडतो." हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारे आजवर कोणी नाही. एका शिपायाच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात, आईची द्राक्षबागेतली वणवण थांबते. ज्या मुलीने अशा पगारासाठी हनुवटीवरचे ठिपके काढले तिला 'तू समाजाला विसरलीस' असे म्हणण्याचा हक्क मला नाही आणि सभेत भाषण करणाऱ्या कोणालाही नाही. संस्कृती राखण्याचे ओझे नेहमी सर्वांत गरीब घरातल्या मुलीच्याच तोंडावर का टाकावे?

परंतु एक गोष्ट मी पाहते आहे. लेझरची चौकशी करणाऱ्या सगळ्याच मुली भरतीला जाणाऱ्या नाहीत. वसतिगृहात कोणीतरी 'डोंगरची' म्हणून हाक मारली, लग्नाच्या बोलण्यात मुलाकडच्यांनी नाक मुरडले, नाशिकच्या दुकानात बाईने टक लावून पाहिले, म्हणून त्या चौकशी करतात. नियमाने मागितलेली गोष्ट आणि हसणाऱ्याने मागितलेली गोष्ट यांत फरक केला पाहिजे. नियमाला मर्यादा असते, तो हात सांगतो, आकार सांगतो, आणि तेथे थांबतो. हसणारा थांबत नाही. आज ठिपके काढले तर उद्या तो बोलीला हसेल, परवा आडनावाला हसेल. त्याच्यासाठी किती बैठका घेणार?

म्हणून मी माझ्यापुरते ठरविले आहे. उजव्या हातावरचे नाव मी काढणार. या दिवाळीनंतर पहिली बैठक, आणि त्या हंगामात द्राक्षबागेच्या कामाला जायचे तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आता हरवायची नाहीस ना, मग काढ." हनुवटीवरचे तीन ठिपके मी ठेवणार. ज्या दलाच्या नियमात त्यांना जागा आहे तेथे प्रथम अर्ज करणार. तेथे जमले नाही आणि केंद्रीय दलांचाच मार्ग उरला, तर तेव्हा काय करायचे हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहील आणि तो सोपा नसेल. त्या वेळी मी काहीही ठरविले तरी ते माझ्या कारणाने ठरविलेले असेल.

प्रत्येकाने एकेकट्याने लढण्यापेक्षा आपण सर्वांनी मिळून काही गोष्टी करता येतील. आपल्या महाविद्यालयाने दरवर्षी प्रवेशाच्या वेळीच एक तास ठेवून भरतीच्या अधिसूचनेतली गोंदणाची कलमे मराठीतून वाचून दाखवावीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे सहज होण्यासारखे आहे. शासकीय रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांना वर्षातून एकदा येथे बोलवावे, म्हणजे मुलांचे हात चुन्याने जळणार नाहीत.

दुसरे असे, की आपला हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिलेला आहे. तो अधिकार आपण गौण वनोपजाच्या चर्चेत वापरतो, तो येथेही वापरावा. 'आमच्या जमातीत गोंदणाची चाल आहे, ती अमुक अमुक जागी, अमुक अमुक आकृतींची असते' असा ठराव प्रत्येक गावाने लिहून ठेवला तर भूदलाच्या वैद्यकीय मंडळापुढे उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातात निदान एक कागद असेल. ठराव लिहिण्यासाठी आज्यांना विचारावे लागेल, आकृती उतरवून घ्याव्या लागतील. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प कोणता मिळणार? मराठी आणि समाजशास्त्र या विषयांच्या गुरुजनांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

तिसरे, भूदलाच्या नियमातले ते एक वाक्य केंद्रीय दलांच्या अधिसूचनेतही यावे, अशी मागणी आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी गृहमंत्रालयाकडे करावी. धार्मिक चिन्हांना मान देणारा नियम आदिवासींच्या चिन्हांना मान देऊ शकणार नाही, असे मानण्याचे काही कारण नाही. मागणी फार मोठी नाही. नवा कायदा नको, निधी नको, एक वाक्य हवे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपण आपल्या घरांतली कॉलेजात आलेली पहिली पिढी आहोत. घरी आपल्याला अर्ज भरून देणारे कोणी नव्हते, म्हणून आपण ऐकीव गोष्टींवर चालतो आणि कोणी 'काढून ये' म्हटले की निमूटपणे निघतो. शिकल्याचा पहिला उपयोग हा, की समोर आलेला नियम स्वतः वाचता यावा. तो पटला तर पाळावा, न पटला तर लेखी विचारावे. हातावरचे काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे त्यानंतर ज्याने त्याने ठरवावे.